मेंदूतल्या रक्तवाहिन्यांची कल्हई

आपल्या घरात दोन भाषा नांदतात. त्यामुळे म्हातारपणाला नावे ठेवायलाही दोन म्हणी तयार असतात. मराठीत ‘साठी बुद्धी नाठी’ आणि कन्नडमध्ये ‘अरवत्तक्के अरळु मरळु’. दोन्हींचे म्हणणे एकच. साठी उलटली की बुद्धी फिरायचीच, कुणी मनावर घेऊ नये. माझ्या मामांच्या बाबतीत आम्ही अगदी तसेच वागलो. मनावर घेतले नाही.

मामा शहापुरात एका साड्यांच्या पेढीवर चाळीस वर्षे हिशेबनीस होते. विणकरांशी बोलणे कन्नडमध्ये, रोजकीर्द मराठीत आणि आकडेमोड सगळी तोंडी. मामी गोकाककडच्या. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना मराठीचे एक अक्षर येत नव्हते. आता दळणाच्या हिशेबापासून भांडणापर्यंत सगळे मराठीत चालते, फक्त देवापुढे आणि नातवंडांना निजवताना कन्नड येते. मुले मामांना बाबा म्हणतात आणि मामींना अव्वा. सीमाभागातल्या कितीतरी घरांसारखेच हे घर.

सत्तरी गाठायच्या आधीची गोष्ट. दिवाळीत पाडव्याला वहीपूजन झाले आणि मामा नेहमीप्रमाणे जुन्या वहीचा मेळ घालायला बसले. तासाभराने पाहिले तर वही उघडी, पेन हातात आणि मामा नुसते बसलेले. आकडे ओळखीचे होते, बेरीजही येत होती, पण आधी काय करायचे आणि नंतर काय, हे लागत नव्हते. गंमत म्हणजे १९७४ साली कोणत्या विणकराकडे किती बाकी होती ते त्यांनी त्याच संध्याकाळी बरोबर सांगितले. एवढे आठवते म्हणजे डोके ठणठणीत आहे, असे आम्ही समजलो.

मग चाल बदलली. पावले आखूड झाली, जमिनीला पाय चिकटल्यासारखी. आम्ही म्हटले, गुडघे. लघवीची घाई होऊ लागली. आम्ही म्हटले, प्रोस्टेट. दर सोमवारी कपिलेश्वराला जाणारा माणूस खुर्चीतून उठेना, कुणी आले तरी दोन शब्दांपलीकडे बोलेना. मामी म्हणाल्या, “वैराग्य आलंय त्यांना.” एकाच दुखण्याला आम्ही अशी तीन-चार नावे देऊन ठेवली होती.

एके दिवशी सकाळी मामांना शर्टाची बटणे लावता येईनात. जीभही जड वाटत होती. संध्याकाळपर्यंत बरेच सुधारले, तरी मुलगा हट्टाने दवाखान्यात घेऊन गेला. रक्तदाब निघाला १७८ वर ९६. गोळी चालू होती का, असे विचारल्यावर मामा सरळपणे म्हणाले, “डोकं दुखलं की घेतो.” एमआरआयमध्ये मेंदूच्या खोल भागात दोन्ही बाजूंना पांढरे पट्टे आणि दोन-तीन जुनी बारीक छिद्रे दिसली. दोन वर्षांपूर्वी ते न्हाणीघरात पडले होते, तेव्हाही एक स्कॅन झाला होता. त्या कागदावर ‘वयोमानानुसार बदल’ असे लिहिलेले. तो कागद आम्ही कपाटावर टाकून दिला होता.

डॉक्टर म्हणाले, “यांचा आजार मेंदूच्या पेशींपासून सुरू झालेला नाही. रक्तवाहिन्यांच्या आतलं अस्तर खराब होत गेलं आणि मेंदूला रक्त कमी पडत गेलं.” मी पंचवीस वर्षे कॉलेजात जीवशास्त्र शिकवले. एंडोथेलियम हा शब्द दरवर्षी फळ्यावर लिहिला, आकृती काढून घेतली, त्यावर दोन गुण दिले. घरातल्या माणसाची चाल बदलताना मात्र तो मला आठवला नाही.

तांब्या-पितळेची गोष्ट

ज्यांच्या घरी अजून पितळेची पातेली आहेत त्यांना हे समजवायला वेळ लागणार नाही. पातेल्याला आतून कल्हई असते. कन्नडमध्येही आपण तिला कलायच म्हणतो. ती शाबूत असते तोवर ताक, आमटी, चिंचेचे सार बिनघोर ठेवावे. कल्हई झिजली की पातेले बाहेरून तसेच झळझळीत दिसते, पण आतले अन्न कळकते. दोष पातेल्याच्या जाडीत नसतो, आतल्या त्या पातळ थरात असतो.

आपल्या प्रत्येक रक्तवाहिनीला आतून असाच एक थर आहे, केवळ एका पेशीच्या जाडीचा. हृदयातून निघणाऱ्या अंगठ्याएवढ्या धमनीपासून केसाहून बारीक केशवाहिनीपर्यंत सगळीकडे तोच. केशवाहिनी तर जवळजवळ या थराचीच बनलेली असते. उपमा मात्र इथेच संपते, कारण कल्हई निर्जीव आणि हे अस्तर जिवंत. रक्त वाहताना त्यावर जो घासरा पडतो तो त्याला कळतो. गरज असेल तिथे वाहिनी रुंद करायची, रक्त विनाकारण गोठू द्यायचे नाही, पांढऱ्या पेशींना कुठे थांबवायचे आणि कुठे पुढे सोडायचे ते ठरवायचे, ही सगळी कामे त्याच्याकडे आहेत.

हे माणसाला कळले फार उशिरा. पूर्वी ते नुसते गुळगुळीत आवरण समजले जाई. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात रॉबर्ट फर्चगॉट नावाचे औषधशास्त्रज्ञ सशाच्या महाधमनीचे तुकडे घेऊन प्रयोग करीत. अॅसिटिलकोलिन हे द्रव्य जिवंत प्राण्यात रक्तवाहिन्या सैल करते, पण त्यांच्या तुकड्यांवर टाकले की ते आवळत. वर्षानुवर्षे हे कोडे होते. १९७८ साली प्रयोगशाळेतल्या सहायकाकडून द्रव्ये टाकण्याच्या क्रमात चूक झाली आणि तुकडा आवळण्याऐवजी सैल पडला. शोध घेतल्यावर लक्षात आले की पूर्वी तुकडे कापताना आतले अस्तर नकळत घासून निघत होते. अस्तर गेले की धमनी आवळते, अस्तर राहिले की सैल होते. म्हणजे सैल होण्याचा निरोप अस्तरच देते. १९८० साली हा निबंध प्रसिद्ध झाला. निरोप देणारे द्रव्य म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा साधा वायू, हे पुढे १९८६च्या सुमारास उमगले, आणि १९९८ साली फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फेरीद मुराद यांना नोबेल मिळाले. यातला योगायोग पाहा. ज्या नायट्रोग्लिसरिनच्या स्फोटकांवर आल्फ्रेड नोबेल श्रीमंत झाले, ते शरीरात हाच वायू सोडते, आणि शेवटच्या काळात छातीच्या दुखण्यासाठी डॉक्टरांनी त्यांना तेच औषध सुचवले होते.

कालव्याच्या टोकाचे शेत

मेंदूचे वजन शरीराच्या दोन टक्के, पण प्राणवायू लागतो सुमारे वीस टक्के. शिवाय त्याच्याकडे साठवण नाही. स्वयंपाकघरात डब्यात चार दिवसांचे पीठ असते. मेंदूच्या डब्यात चार मिनिटांचेही नसते. आपण हिशेब करू लागलो की त्या कामाच्या भागात लगेच जास्त रक्त पोचावे लागते, बोलू लागलो की दुसऱ्या भागात. ही क्षणाक्षणाची वाटणी करण्यात वाहिन्यांच्या अस्तराचा मोठा वाटा आहे. अस्तर थकले की नायट्रिक ऑक्साइड कमी पडतो, वाहिनी वेळेवर रुंद होत नाही, आणि मागणी असूनही रक्त पोचत नाही.

सर्वांत आधी झळ कुणाला लागते? घटप्रभेच्या कालव्यावर शेती असणाऱ्यांनी उत्तर मनात दिलेच असेल. टोकाच्या शेताला. मेंदूच्या पृष्ठभागावरच्या वाहिन्यांना एकमेकींचा आधार असतो, एक बंद पडली तर शेजारची थोडेफार निभावते. पण आत खोलवर ज्या बारीक, लांब वाहिन्या जातात त्या टोकाला एकट्याच असतात. तिथेच मेंदूचा पांढरा भाग आहे, म्हणजे एका केंद्राला दुसऱ्या केंद्राशी जोडणाऱ्या तारा. या तारांवर मायलिन नावाचे चरबीचे वेष्टन असते, त्यामुळे संदेश वेगाने जातो. रक्त कमी पडले की वेष्टन विरते, संदेश रेंगाळतो. मामांच्या डोक्यातल्या आठवणींच्या वह्या जाग्यावर होत्या. एका कपाटातून दुसऱ्या कपाटात जायचा रस्ता खराब झाला होता. १९७४ची बाकी सांगता येते आणि चालू वर्षाचा मेळ लागत नाही, याचा अर्थ मला तेव्हा लागला.

दुसरी गोष्ट गळतीची. शरीरात इतरत्र अस्तराच्या पेशींमध्ये थोड्या फटी असतात, मेंदूत मात्र त्या एकमेकींना घट्ट शिवलेल्या असतात. रक्तातले वाटेल ते मेंदूत शिरू नये यासाठीचा हा बंदोबस्त. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॉल एर्लिक यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग सोडला तेव्हा सगळे अवयव रंगले आणि मेंदू तेवढा कोरा राहिला. ही शिवण उसवू लागली की रक्तातली फायब्रिनोजेनसारखी प्रथिने मेंदूत पाझरतात, सूज येते, वेष्टनाची दुरुस्ती अडते. ‘कळकणे’ हा आपला शब्द इथे किती चपखल बसतो!

तिसरी गोष्ट म्हणजे बंद पडलेली वाहिनी. अस्तर खडबडीत झाले, भिंत जाड झाली की एखादी बारीक वाहिनी पूर्ण मिटते आणि तेवढा भाग मरतो. तिथे तीन ते पंधरा मिलिमीटरचे छिद्र उरते. असे छिद्र पडताना बहुतेक वेळा माणसाला काही कळतही नाही. एक पडले, दोन पडली, आणि एखादे नेमके मोक्याच्या जागी पडले की बटणे लागत नाहीत. म्हणून हा आजार पुष्कळदा जिना उतरल्यासारखा उतरतो: काही महिने स्थिर, मग एकदम एक पायरी खाली.

यात एक प्रश्न बरीच वर्षे लोंबकळत होता. आधी काय बिघडते, वाहिनी की तारांचे वेष्टन? एडिंबरा विद्यापीठात अॅना विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली उंदरांवरचे एक काम प्रसिद्ध केले. हे उंदीर पुढे रक्तदाबाने आणि पक्षाघाताने आजारी पडणाऱ्या जातीचे. त्यांचा रक्तदाब वाढण्याच्याही आधी अस्तराच्या पेशी बिघडलेल्या आढळल्या. त्या पेशी असे एक प्रथिन सोडत होत्या की ज्यामुळे मायलिन तयार करणाऱ्या पेशी कच्च्याच राहत. अस्तराला स्थिर करणारी औषधे दिल्यावर कोवळ्या वयाच्या उंदरांत वेष्टनाची हानी भरून येताना दिसली. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे वर्गात मी नेहमी सांगे. तरी अस्तर नुसता बळी नसून बिघाडाचे मूळही असू शकते, हे त्यातून दिसले.

आपल्याकडे हे दुखणे किती? भारतात साठीच्या पुढच्या माणसांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाखांच्या आसपास लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाचा अंदाज आहे. त्यांत अल्झायमर पहिला आणि रक्तवाहिन्यांमुळे होणारा दुसरा. म्हातारपणी बऱ्याच जणांच्या डोक्यात हे दोन्ही एकत्र नांदतात. अमेरिकेतल्या ननांवर जो प्रसिद्ध अभ्यास झाला, त्याच्या १९९७च्या निबंधात असे दिसले की मेंदूत अल्झायमरच्या खुणा असूनही ज्यांच्या खोल भागात बारीक छिद्रे नव्हती, त्यांच्यापैकी कितीतरी जणी हयातीत शुद्धीवर आणि कामात होत्या. छिद्रांची भर पडली की मात्र आजार उघडा पडत असे.

विसराळूपणाची वाट पाहू नका

स्मृतिभ्रंश म्हटले की आपण विसरण्याची वाट पाहत बसतो. चावी कुठे ठेवली, जावयाचे नाव काय. या प्रकारात विसरणे पुष्कळदा मागाहून येते. आधी येतो मंदपणा. उत्तर बरोबर, पण उशिरा. चार पायऱ्यांचे काम अडते: ज्या बाई डोळे मिटून पुरणपोळी करीत त्यांना कटाची आमटी आणि पोळ्या एका वेळी जमत नाहीत. कशातच मन नाही, कारण नसता रडू येते, पावले आखूड होतात, लघवी आवरत नाही. हे सगळे एकत्र आले तर ‘वैराग्य’ म्हणण्याआधी रक्तदाब मोजावा, साखर पाहावी आणि डॉक्टरांना सगळी लक्षणे एकाच वेळी सांगावीत. आम्ही गुडघे एकाला दाखवले आणि लघवीचे दुसऱ्याला सांगितले, म्हणून ते धागे जुळायला दोन वर्षे गेली. थायरॉइड, ब जीवनसत्त्वांपैकी बी-१२ची कमतरता आणि नैराश्य यांमुळेही असेच दिसू शकते, आणि ते बरे होऊ शकते, म्हणून त्यांच्याही तपासण्या होतात. चेहरा वाकडा होणे, एक बाजू लुळी पडणे, बोलणे अडखळणे असे अचानक झाले तर संध्याकाळपर्यंत थांबू नये, तसेच उठून मोठा दवाखाना गाठावा. आम्ही सकाळ वाया घालवली होती.

आपल्या घरांसाठी एक वेगळी सूचना. मामांची परीक्षा घेणारी डॉक्टर मुलगी हुशार होती, पण तिने विचारले कन्नडमधून: “नूररल्लि एळु होदरे एष्टु?” मामा गप्प. तिने कागदावर काहीतरी लिहिले. तेव्हा मामी पुढे होऊन म्हणाल्या, “अहो, ते हिशेब मराठीतच करतात, मराठीत विचारा.” मी विचारले, शंभरातून सात गेले तर? “त्र्याण्णव.” त्यातून सात? बऱ्याच वेळाने, “शहाऐंशी.” पुढे गाडी अडली ती खरीच अडली. पण पहिली दोन उत्तरे भाषेमुळे बुडाली असती. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली अशा चाचण्यांचा जो भारतीय संच प्रसिद्ध केला, त्यात हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम अशा पाच भाषा होत्या. कन्नड आहे, मराठी नव्हती. तेव्हा घरचा माणूस कुठल्या भाषेत शिकला, कुठल्या भाषेत मोजतो आणि कुठल्या भाषेत रागावतो, ते डॉक्टरांना आधीच सांगावे.

दोन भाषांचा फायदाही आहे, आणि तो हैदराबादेत मोजला गेला. निम्स रुग्णालयात डॉ. सुवर्णा अल्लादी यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. २०१३ साली निष्कर्ष आले. तेलुगू, दखनी, हिंदी यांपैकी दोन किंवा जास्त भाषा बोलणाऱ्यांत आजार एकभाषकांपेक्षा सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झाला होता. रक्तवाहिन्यांच्या प्रकारातही तो फरक होता, आणि शाळेचे तोंड न पाहिलेल्यांतही होता. २०१६ साली त्याच गटाने पक्षाघात होऊन गेलेले ६०८ रुग्ण पाहिले. बुद्धी शाबूत राहिलेले द्विभाषक ४०.५ टक्के, एकभाषक १९.६ टक्के. जगात इतरत्र सगळ्याच अभ्यासांत असा फरक आढळलेला नाही, तेव्हा हुरळून जायला नको. शिवाय दोन भाषांनी अस्तर दुरुस्त होत नाही. एक रस्ता खचला तर दुसरी पायवाट माहीत असते, एवढेच. तरीही भाषेवरून इतकी वर्षे डोकी फोडणाऱ्या आपल्या भागाला दोन्ही भाषा डोक्याच्या कामाला येतात हे कुणीतरी सांगायला हवे होते!

कल्हई कशाने उडते

रक्तदाब हा पहिला मारेकरी. वर्षानुवर्षे जोराने आदळणारे रक्त अस्तराला घासत राहते, आणि त्याने दुखत काहीच नाही. ‘डोकं दुखलं की गोळी’ हा हिशेब म्हणूनच चुकतो. रक्तदाबाची गोळी ही देवघरातल्या दिव्यासारखी, रोज लावायची. अमेरिकेत ९३६१ लोकांवर एक मोठी चाचणी झाली. निम्म्यांचा वरचा रक्तदाब १४०च्या खाली आणि निम्म्यांचा १२०च्या खाली ठेवायचे उद्दिष्ट होते. २०१९ साली बुद्धीविषयीचे निष्कर्ष आले: १२०च्या गटात स्मृतिभ्रंशाच्या आधीची जी सौम्य पायरी, ती १९ टक्क्यांनी कमी आढळली. प्रत्यक्ष स्मृतिभ्रंशही १७ टक्के कमी दिसला, पण तो फरक योगायोगाचाही असू शकेल एवढाच होता. हृदयाचा फायदा लवकर दिसल्याने उपचार ठरल्या वेळेआधीच थांबवले होते. स्कॅनमधले पांढरे पट्टेही १२०च्या गटात कमी वाढले. मात्र त्या चाचणीत मधुमेही आणि पक्षाघात झालेले लोक घेतले नव्हते, आणि म्हाताऱ्या माणसाचा रक्तदाब फार उतरला तर चक्कर येऊन तो पडतो. म्हणून आपला आकडा आपल्या डॉक्टरांनीच ठरवायचा. शेजारच्याची गोळी तर मुळीच घ्यायची नाही.

साखरही अस्तराला खाते. तंबाखूचे काय सांगावे? निपाणीच्या तंबाखूवर आणि विडीवर आपल्याकडे कितीतरी घरे उभी राहिली, हे विसरून चालणार नाही. पण विडीचा धूर अस्तराचा नायट्रिक ऑक्साइड मारतो हेही तितकेच खरे. आणि दात घासायच्या निमित्ताने बायका जी मशेरी लावतात, तिच्यातले निकोटीनही नाडी आणि रक्तदाब वाढवतेच.

मिठाबद्दल मला स्वतःला एका संशोधनाने चकित केले. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल संस्थेत उंदरांना नेहमीपेक्षा ८ ते १६ पट मीठ घातलेले खाद्य दिले. काही आठवड्यांत मेंदूचा रक्तपुरवठा घटला आणि उंदीर ओळखीच्या गोष्टींत गोंधळू लागले. नवल असे की यात रक्तदाबाचा दोष नव्हता. आतड्यातल्या रोगप्रतिकारक पेशींनी मिठाला उत्तर म्हणून एक द्रव्य रक्तात सोडले, आणि त्या द्रव्याने मेंदूतल्या अस्तराचा नायट्रिक ऑक्साइड रोखला. आतड्याचा निरोप डोक्यापर्यंत गेला! खाद्य पूर्ववत केल्यावर रक्तपुरवठा सुधारला. हे २०१८चे काम. उंदरांचे प्रमाण माणसाला जसेच्या तसे लावता येत नाही, पण जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे एक चहाचा चमचाभरही नाही, एवढेच मीठ सांगते. आता आपले ताट आठवा. शेंगाचटणी, लोणच्याची फोड, पापड, ताकात भिजवून वाळवलेली मिरची, आणि वर ताकात चिमूटभर. मामांच्या ताटात हे सगळे असे, आणि आमटीची चव घेण्याआधीच वरून मीठ पडे.

औषध आहे का? गेलेला भाग परत आणणारे नाही. मेंदूचे टॉनिक, स्मरणशक्तीच्या वड्या अशा जाहिराती दर आठवड्याला दिसतात. त्यांच्यावरचा पैसा रक्तदाबाच्या यंत्रावर घालावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ब्रिटनमध्ये २०२३ साली ३६३ रुग्णांवरची एक चाचणी प्रसिद्ध झाली. छोट्या वाहिन्यांमुळे पक्षाघात झालेल्या या रुग्णांना आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट आणि सिलोस्टाझोल ही दोन जुनी, स्वस्त औषधे दिली होती. पहिले औषध नायट्रिक ऑक्साइड पुरवते. लक्षणे आशादायक आहेत, पण चाचणी लहान होती, मोठ्या चाचणीची गरज आहे, आणि कुणी चिठ्ठीशिवाय दुकानातून ही औषधे आणू नयेत. चालणे मात्र चिठ्ठीशिवाय चालते. चालताना रक्ताचा वेग वाढतो, आणि त्या प्रवाहाच्या स्पर्शाने अस्तर जास्त नायट्रिक ऑक्साइड तयार करते.

मामा बरे झालेले नाहीत. आणखी एक पायरी उतरायला नको, एवढ्यासाठी सगळे चालले आहे. चाल तशीच आखूड, पण संध्याकाळी मुलाचा हात धरून गल्लीच्या टोकापर्यंत जातात. ताटात मीठ वाढायचे मामींनी बंद केले, तेव्हा आठवडाभर अबोला होता. गोळी सकाळी चहाच्या आधी, आणि ती मामींच्या समोर.

रक्तदाबाच्या नोंदीसाठी मुलाने छापील तक्ता आणला होता. मामांनी तो बाजूला सारला आणि कपाटातून लाल कापडाच्या पुठ्ठ्याची जुनी रोजकीर्द काढायला लावली. आता रोज सकाळी मामी दंडाला पट्टा बांधतात, यंत्राचा आवाज थांबला की कन्नडमध्ये आकडा वाचतात, “नूर मूवत्तेरडु.” मामा क्षणभर थांबतात, मग सावकाश १३२ लिहितात. कधी जमेच्या बाजूला, कधी नावेच्या. मामी वही मिटून यंत्राशेजारी ठेवतात.